उखर्डूचा दिवा

ही हकीकत मी बुधवार, दिनांक ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी रात्री साडेनऊ ते बाराच्या दरम्यान, बऱ्हाणपुरात राजपुऱ्यातील शालिग्राम गुरुजींच्या घरी ऐकली. गुरुजी तीन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले, वय त्रेसष्ट. त्यांनी हा प्रसंग स्वतः पाहिलेला नाही. ज्याच्यावर तो गुदरला त्या दिगंबर नावाच्या त्यांच्या मित्राने दुसऱ्याच दिवशी तो त्यांना सांगितला होता. म्हणजे माझ्यापर्यंत हे दोन तोंडांतून आले आहे, आणि वाचकाने ते तसेच धरावे. गुरुजींची वाक्ये मी त्याच रात्री टिपून ठेवली. शक्य तिथे ती जशीच्या तशी दिली आहेत.

त्या रात्री आम्ही बाराची वाट पाहत होतो. नागपूर राजधानी असलेले जुने राज्य मध्यरात्री संपणार होते आणि बऱ्हाणपूर भोपाळच्या कारभारात जाणार होते. शेजाऱ्यांकडे रेडिओ होता. नऊला आमच्या घरची वीज गेली. दिवाळी तोंडावर असल्यामुळे पणत्या आणलेल्याच होत्या. गुरुजींची मुलगी सुनंदा हिने त्यांतल्या दोन कोनाड्यात लावल्या. तिच्याशिवाय गुरुजींचा भाचा गोटू होता, खंडव्याला कॉलेजात शिकणारा. मी शहराच्या जुन्या बागांवर प्रबंध लिहीत असल्याने एक साधा प्रश्न विचारला होता : लालबागेपलीकडच्या हौदाच्या बागेतले द्राक्षांचे वेल नेमके कोणत्या साली काढले?



"एकावन्न साली," गुरुजी म्हणाले. "पण ते का काढले, ते तुमच्या प्रबंधात बसणार नाही."

"मामा, ती तळघरवाली बात आहे ना?" गोटू सरसावून बसला. "सांगा ना. पूरी सांगा. मागच्या वेळी मामीनं मधेच थांबवलं होतं."

"मी भूत म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस. काय झालं तेवढं सांगतो. आणि हे लक्षात ठेवा, दिगंबरला गोष्ट रंगवता येत नसे. बाजारातून वांगी आणली तर तेसुद्धा त्याला धड सांगता यायचं नाही."

सुनंदा हसली. त्यानंतर बराच वेळ कुणी हसले नाही.

गुरुजींनी सांगितले ते असे.

"हौदाची बाग अडीच एकरांची. चौधरी कुटुंबाची. जमिनीखालून येणारं जुन्या भुयाराचं पाणी तिथल्या हौदात पडायचं, आणि त्या पाण्यावर द्राक्षं. चौधऱ्यांच्या आणखी दोन बागा होत्या, पण त्या द्राक्षांचा एक मणी ते हौदाच्या बागेच्या द्राक्षांत मिसळू देत नसत. या बागेचा रस वेगळा, रांजण वेगळे, कोठीच्या तळघरातली खोलीसुद्धा वेगळी. रस आंबून त्याची दारू झाली की रांजणाचं तोंड लाखेनं बंद करायचं, गळ्यावर साल कोरायचं आणि बारा वर्षं हात लावायचा नाही. लोक दारू म्हणत नसत. 'कोठीचं औषध' म्हणत. वैद्य न्यायचे, गोरे साहेब न्यायचे, आणि सगळ्यांत जास्त एका लहानशा संस्थानाच्या राजवाड्यात जायचं. संस्थानाच्या मागणीवरच कोठी चालायची म्हणा ना.

"अठ्ठेचाळीस साली ते संस्थान विलीन झालं. राजवाड्याची मागणी थांबली. नवं सरकार आलं. नव्या सरकारनं विचारलं, हे औषध की दारू? परवाना चालू ठेवायचा की नाही? एक आबकारी साहेब चौकशीला आले. तारीख सांगतो. एकोणतीस मार्च एकोणपन्नास, मंगळवार. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा."

मी नंतर जुन्या पंचांगात पाहिले. तारीख, वार आणि पाडवा जुळतात.

"साहेब रात्री साडेनऊला जेवण करून कोठीवर आले. भला माणूस. चौधऱ्यांच्या वसंतला म्हणाले, 'वीस-पंचवीस वर्षं ठेवली की ही चीज सुधारते म्हणता, ती दाखवा. मी पहाटे पाचच्या गाडीनं खंडव्याला जातो. त्याआधी डाकबंगल्यावर आणून दिलीत तर पाहीन आणि वर तसं लिहीन. नाहीतर कागदावर आहे तेवढंच लिहीन.' कागदावर काही नव्हतं. म्हणजे बाग राहायची की जायची, ते एका रांजणावर आलं. एकवीस सालच्या.

"वसंत म्हणजे मालक. सत्तावीस वर्षांचा, नागपूरचा बी.एस्सी. बायको विमल, पाच महिन्यांची गरोदर. आणि दिगंबर त्यांच्याकडे रांजणांना लाख लावायचा. राहायचा चांदणी गावाला, त्या दिवशी काम होतं म्हणून इथं थांबलेला. वसंतपेक्षा अठरा वर्षांनी मोठा."

"और उखर्डू?" गोटूने विचारले.

"उखर्डू तेव्हा नव्हता." गुरुजींनी पणतीची वात काडीने पुढे सारली. "तेच सांगतो आहे.

"ताजा रस आंबतो तेव्हा उकळल्यासारखा बुडबुडतो. त्यातून जी हवा निघते ती जड. तळघरात साचते. वास नाही, रंग नाही. माणूस दोन श्वास घेतो आणि खाली बसतो. पुन्हा उठत नाही. कोठीवर म्हणायचे, हवा मेली. म्हणून तिथं दिवेकरी असायचा. एकतीस वर्षं ते काम उखर्डूनं केलं. पितळेचा दिवा साखळीला बांधून तळघराच्या तोंडातून खाली सोडायचा. शंभर आकडे मोजायचे. मग दिवा वर ओढायचा, हातात घ्यायचा, ज्योतीला तळवा लावून पाहायचा. मगच माणसाला शिडीवरून उतरू द्यायचं. वाकून, वरूनच पाहून 'जळतोय' म्हणायचं नाही. हा उखर्डूचा नेम. आणि माणूस खाली असेपर्यंत दर दहा आकड्यांना हाक मारायची, 'आहे का?' खालून म्हणायचं, 'आहे.' उत्तर आलं नाही की दोर ओढायचा.

"कमरेचा दोरही उखर्डूच बांधायचा. रांजण वर काढायची त्याची गाठ होती, तीन वेढ्यांची. उजवा अंगठा एका रांजणाखाली गेला होता, म्हणून डाव्या हातानं मारायचा. सगळे वेढे उलटे. ती दुसऱ्या कुणाला मारता यायची नाही, आणि सोडवायचीही त्यालाच.

"अठ्ठेचाळीसच्या दसऱ्याला वसंतनं नागपूरहून यंत्र आणलं. हातानं फिरवायचं, नळीतून तळघरातली हवा बाहेर खेचायचं. चांगलं यंत्र होतं. त्यानं उखर्डूला सांगितलं, 'बाबा, आता दिव्याची गरज नाही. तुम्ही बागेत पाणी पाहा.' म्हणजे त्याला कामावरून काढलं नाही... दिव्यावरून काढलं. म्हातारा काही भांडला नाही. एवढंच म्हणाला, 'पानी पाहसू. पन कोनी खाले उतरनं, तं दिवा मीच सोडसू.' पौषात वारला. घरी, खाटेवर. तळघरात नव्हे, हे नीट लिहा."

मी लिहिले.

"त्या रात्री साहेब गेल्यावर वसंत आणि दिगंबर कोठीत शिरले. वेळ साधारण पावणेअकरा. निघताना विमल दारापर्यंत आली. दुपारीच नवा रस तळघरातल्या पिंपांत भरला होता, हे तिला माहीत होतं. दिगंबरला म्हणाली, 'काका, यांना एकटं खाली सोडू नका हं.' दिगंबर म्हणाला, 'बाई, मी दोर धरून बसतो. तुम्ही झोपा.' वसंत म्हणाला, 'ही झोपते कसली. आपण येईपर्यंत पुरणाची डाळ तीनदा निवडेल.' असं हसत गेले.

"यंत्र तासभर फिरवलं. दिगंबर म्हणाला, 'भाऊ, तरी दिवा सोडून पाहू.' उखर्डूचा दिवा खुंटीलाच होता. तेल घातलं, लावला, सोडला. अर्ध्यात जायच्या आत... विझला.

"पुन्हा यंत्र. आणखी दीड तास. आळीपाळीनं. दोघांचे खांदे भरून आले. घड्याळात सव्वा वाजला. पहाटेआधी रांजण काढून, पुसून, बैलगाडीनं डाकबंगल्यावर न्यायचा. दिगंबरनं दिवा पुन्हा लावला आणि सोडला. साखळी सैल पडली, म्हणजे तळाला टेकला. दोघांनी वाकून पाहिलं.

"जळत होता.

"वसंत म्हणाला, 'झालं. चला.' आणि दिगंबरनं..." गुरुजी थांबले. "दिगंबरनं दिवा वर ओढला नाही. दिवेकरी तो नव्हता. लाख लावणारा माणूस. घाई होती, दिवा डोळ्यांना दिसत होता. एवढीच चूक. मला सांगताना तो हे चार वेळा म्हणाला.

"वसंतनं दोर कमरेला बांधला. एकेरी गाठ, धोतराला मारावी तशी. दिगंबर म्हणाला, 'भाऊ, ही सुटेल.' तर म्हणतो, 'काका, मी काय रांजण आहे का? चालत जातो, चालत येतो.' दोराचं दुसरं टोक रहाटावर होतं. बॅटरी घेतली. शिडी उतरला. अठरा फूट.

"दिगंबर वर बसला. दहा मोजले. 'भाऊ, आहात?'

"'आहे.'

"दहा मोजले. 'आहात?'

"'आहे. पिंपं उकळतायत काका, आवाज ऐका.'

"दहा मोजले.

"तेव्हा खालून वसंत म्हणाला, 'काका, दिवा आतल्या खोलीत कसा आला? तुम्ही सरकवला?'"

सुनंदाने पदर आवळून घेतला.

"आतली खोली म्हणजे जुन्या रांजणांची. कमानीपलीकडे, दोन पायऱ्या आणखी खाली. साखळी तर सरळ खाली लोंबत होती. ती तिथं पोचेलच कशी? दिगंबरला वाटलं, बॅटरीचा उजेड असेल. त्यानं साखळी ओढली.

"दिवा वर आला.

"विझलेला. पितळ गार... तेल काठोकाठ. वात टोकाला जेमतेम करपलेली. खाली टेकायच्या आधीच विझला असला पाहिजे.

"दिगंबरनं तो हातात धरला आणि खाली पाहिलं.

"खाली उजेड होता. कमानीतून बाहेर जमिनीवर पडलेला. पिवळा... बॅटरीचा नव्हे. जराही हलत नव्हता.

"'भाऊ, माघारी फिरा.'

"'आहे.'

"'भाऊ, तो आपला दिवा नाही. आपला माझ्या हातात आहे.'

"'आहे.'

"'भाऊ... ऐकता ना? वर या.'

"'आहे.'

"आवाज वसंतचाच. पण एकाच सुरात. काहीही विचारा... तेच. दिगंबरनं मुद्दाम विचारलं, 'विमलबाईंना बोलावू का?'

"'आहे.'"

बाहेर राजपुऱ्याच्या रस्त्यावरून एक सायकल गेली. तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"मग?" सुनंदा हळूच म्हणाली.

"मग त्यानं रहाट धरला. पहिला फेरा हलका गेला. दुसरा हलका. दोर नुसता सरकत होता, म्हणजे टोकाला माणूस नसल्यासारखा. त्याला वाटलं, गाठ सुटली. संपलं. विमलला काय सांगू? एवढंच मनात. तिसरा फेरा...

"दोर ताठ झाला.

"वजन आलं. ओढलं जाणारं वजन. फरशीवरून घासत. आणि दर फेऱ्याला खालून... विचारलेलं नसताना...

"'आहे.'

"'आहे.'

"दिगंबर ती उत्तरं पहिल्यापासून मोजत होता. का ते त्याला कळत नव्हतं. हातांना मोजायची सवय, म्हणून असेल. वसंतचं डोकं तळघराच्या तोंडाशी आलं. मान लोंबलेली. ओठ निळे. त्यानं काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं, फरशीवर उताणं टाकलं. छातीवर कान ठेवला. धडधड चालू होती. बारीक... पण चालू. तोंड घट्ट मिटलेलं.

"आणि खालून...

"'आहे.'"

एक पणती फडफडली. कुणी तिच्याकडे पाहिले नाही.

"दिगंबरनं तळघराचं झाकण लोटलं नाही. लोटता आलं नाही, म्हणाला. खाली पाहत राहिला. उजेड एकदम गेला नाही. वात खाली ओढावी तसा... हळू... हळू कमी झाला. मग पिंपांचा आवाज राहिला."

वसंत पहाटे चारनंतर शुद्धीवर आला. डॉक्टर आले तेव्हा तो बोलत होता, पण उभे राहता येत नव्हते. पाचच्या गाडीची शिट्टी त्याने अंथरुणातून ऐकली. एकवीस सालचा रांजण तळघरातच राहिला. विमलने वसंतला परत खाली उतरू दिले नाही, आणि दुसऱ्या कुणाला पाठवायची त्याची स्वतःची तयारी नव्हती. परवाना पुढे चालू राहिला नाही. एकावन्नमध्ये वेल काढले. आज तिथे केळी आहेत. चौधरी खंडव्याला गेले. एकोणपन्नासच्या जुलैत झालेली त्यांची मुलगी कुसुम आता सात वर्षांची आहे.

"मामा," गोटू म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "मतलब उखर्डूबाबानं बदला घेतला ना? दिवा दाखवून आत बोलावलं."

"मलाही आधी तसंच वाटलं," गुरुजी म्हणाले. ते उठले. आतल्या खोलीतून त्यांनी पत्र्याची एक चपटी डबी आणली आणि कोनाड्याखाली, उजेडात उघडली. "दिगंबर वारला त्याआधी त्यानं ही मला दिली. वसंतच्या कमरेचा दोर त्याला सोडवेना. शेवटी लाखेच्या सुरीनं कापला."

डबीत हातभर लांबीचा अंबाडीचा दोर होता. एका बाजूला कापलेला. मी तो हातात घेऊन पाहिला, आणि जे पाहिले तेवढेच लिहितो. दोरावर दोन गाठी होत्या. पहिली एकेरी, जवळजवळ सुटलेली; बोटाने सारली तर सरकत होती. तिच्या अलीकडे दुसरी. तीन वेढ्यांची. तिन्ही वेढे उलटे.

गोटूने ती सोडवायचा प्रयत्न केला. मग सुनंदाने. मग मी. कुणालाच ती सुटली नाही. गुरुजींनी आम्हाला थांबवले नाही आणि स्वतः हातही लावला नाही.

"वसंत खाली बेशुद्ध पडला होता," ते म्हणाले. "दिगंबर वर होता. दोर पहिल्या दोन फेऱ्यांना मोकळा गेला... तिसऱ्याला ताठ झाला. आता दिवा कुणी नेला आणि गाठ कुणी मारली, एकानंच की दोघांनी, ते तुम्ही ठरवा. मी सात वर्षं ठरवतो आहे."

शेजारच्या रेडिओवर बारा वाजले. आमच्यापैकी कुणी उठले नाही.

यातील जे पडताळता आले ते मी पडताळले आहे. कोठीचा तेव्हाचा पहारेकरी सुकलाल अजून लालबागेत राहतो. त्या रात्री तो फाटकाशी, तळघरापासून सुमारे साठ पावलांवर होता. दिगंबरच्या हाका त्याने ऐकल्या. मधली उत्तरे ऐकली नाहीत. अंतर पाहता यावरून काही सिद्ध होत नाही. उखर्डूच्या मुलाकडे जात्याला बांधलेला त्याच्या बापाच्या हातचा एक दोर आहे. त्यावरची गाठ आणि डबीतली गाठ मी कागदावर शेजारी शेजारी काढली. वेढ्यांची संख्या आणि दिशा एकच आहे. वसंतराव चौधरी यांना मी खंडव्याच्या पत्त्यावर तीन प्रश्न पाठवले. पोस्टकार्डावर उत्तर आले. त्यांना आतला दिवा आठवतो. आपण एकेरी गाठ मारल्याचे आठवते. आपण दोनदा 'आहे' म्हटल्याचे आठवते, आणि त्यानंतर काकांना दिव्याबद्दल विचारल्याचे. पुढचे काही नाही.

दिगंबरने मोजलेल्या उत्तरांचा आकडा एकोणीस होता. त्यातले दोन वसंतरावांचे धरले, तर सतरा उरतात. ती सतरा उत्तरे खरोखर आली का, हे मला कोणाकडूनही पडताळता आलेले नाही.